प्रोसेस ‘बसते’ तेव्हा

रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या डेव्हलपमेंट खात्यात ‘इनोव्हेशन’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. नवोन्मेष, नवोपक्रम हे तर त्याहून पुढचे. आमच्याकडे प्रोसेस ‘बसायची’ किंवा ‘बसायची नाही’. पाचशे मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये जे घडतं तेच दोन हजार लिटरच्या व्हेसलमध्ये घडायला हवं. तेही तिन्ही पाळ्यांत, वेगवेगळ्या ऑपरेटरांच्या हातून, मे महिन्यात आणि जुलैत सारखंच. तसं घडलं की शिफ्ट इंजिनिअर फोनवर दोनच शब्द सांगायचा, ‘प्रोसेस बसली’. त्या दोन शब्दांमागे कधी सहा महिने असत, कधी तीन वर्षं.

विकसनशील देशांतल्या विद्यापीठांत आणि उद्योगांत नवं काही कशामुळे रुजतं, हा या लेखसंग्रहाचा विषय. संपादकांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी सगळे लेख ओळीने वाचून काढले. त्यांत धोरणं आहेत, कायदे आहेत, आकडे आहेत, आणि ते सगळं हवंच. पण वाचताना माझं मन पुन्हा पुन्हा त्या व्हेसलपाशी जात होतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे एका औषधाच्या मधल्या टप्प्यावरचं रसायन बनवायचं काम होतं. ते तोवर आयात व्हायचं. प्रयोगशाळेत आम्हाला ब्याऐंशी टक्के यील्ड, म्हणजे उतारा, मिळत होता. प्लांटमध्ये पहिली बॅच घेतली आणि यील्ड पन्नाशीच्या खाली आला. तळाशी डांबरासारखा काळा गाळ. दुसरी बॅच तशीच, तिसरीही तशीच. कारण पुस्तकातलं होतं. या क्रियेत उष्णता फार निघते. फ्लास्क बर्फात ठेवला की ती निघून जाते, म्हणून वीस मिनिटांत सगळं आम्ल घालून मोकळं होता येतं. भांडं मोठं झालं की आतला माल वाढतो त्या प्रमाणात भांड्याची बाजू वाढत नाही आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट पुरत नाही. मग आम्ल थेंबाथेंबानं, नऊ-नऊ तास घालावं लागतं. तेवढ्या वेळात आधी तयार झालेला माल त्याच आम्लात बसून नासतो. हे सगळं आम्हाला कळत होतं. वाट सापडत नव्हती.

माटुंग्याच्या यूडीसीटीतले, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातले, एक प्राध्यापक आमचे सल्लागार होते. शनिवारी सकाळच्या गाडीने ते आले. ऑफिसात चहा न घेता सरळ प्लांटवर गेले, व्हेसलभोवतीच्या जॅकेटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पाइपावर हात ठेवून उभे राहिले आणि शेजारच्या ऑपरेटरला म्हणाले, ‘काका, तुम्हाला काय वाटतं?’ काका सातवी शिकलेले, रोह्याच्या पलीकडच्या गावातले. ते म्हणाले, ‘साहेब, रात्रपाळीची बॅच जरा बरी येते.’ हे आमच्या एकाही रिपोर्टात नव्हतं. लॉगशीट काढून बघितलं तर खरंच, रात्री सुरू केलेल्या बॅचचा यील्ड पाच-सहा टक्क्यांनी जास्त होता. रात्री कूलिंग टॉवरचं पाणी गार असतं. म्हणजे अडचण उष्णतेचीच, आणि ती नेमकी किती, तेही कळलं. पुढे प्राध्यापकांनी एम.टेक.ची दोन मुलं दोन महिन्यांसाठी पाठवली. त्यांनी दर दहा मिनिटांनी तापमानं नोंदवली आणि व्हेसलमधला माल पंपाने बाहेर काढून हीट एक्स्चेंजरमधून फिरवून परत आत सोडायची रचना काढली. आम्ल दोन तासांत घालता येऊ लागलं. यील्ड पंचाहत्तरवर आला आणि टिकला. त्या रसायनाची आयात आमच्यापुरती थांबली.

त्या शनिवारी तिथे काय काय हजर होतं ते मोजून बघा. मालाला गिऱ्हाईक होतं. कारखान्यात पाय ठेवायला न लाजणारं विद्यापीठ होतं. दिवसाला काही हजारांचा माल फुकट जात असूनही तीन बॅच बिघडू देणारा मालक होता. आणि ज्याला प्रश्न विचारला गेला, असा कामगार होता. यांतलं एक जरी नसतं तरी प्रोसेस बसली नसती. माझं या विषयावरचं मत एवढंच आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्याचाच विस्तार आहे: गरीब देश प्रयोगशाळा बांधतात, कारखानेही उभारतात, पण या दोहोंच्या मधली जागा, जिथे दोन्हीकडची माणसं एकाच पाइपावर हात ठेवून उभी राहतात, ती बांधायची राहून जाते.

ती मधली जागा आपल्याकडे काही ठिकाणी बांधली गेली, हे आजच्या पिढीला सांगायला हवं. यूडीसीटीचंच घ्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने हा विभाग सुरू केला तो मुंबईच्या गिरण्यांच्या धाग्याला धरून. सुरुवातीचे विषयच कापडाचं रसायनशास्त्र आणि केमिकल इंजिनिअरिंग हे. रंग जर्मनीहून, इंग्लंडहून येत होते आणि कापड परळ-लालबागला विणलं जात होतं. रंगवणाऱ्याला रंगाचं शास्त्र हवं होतं. १९३८ साली के. व्यंकटरामन या विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. रंगांच्या रसायनशास्त्रातलं त्यांचं नाव जगभर मानलं गेलं. पुढे मनमोहन शर्मांनी इथेच केमिकल इंजिनिअरिंग शिकवलं. ते रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. रसायन कारखान्यांचे सल्लागार म्हणून ते जितके वावरले तितकाच त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थीवर्गही मोठा होता. सल्लागारी केली की संशोधन मागे पडतं, असं विद्यापीठांत अजूनही सर्रास बोललं जातं. माटुंग्याचा अनुभव नेमका उलटा आहे. कारखान्यातून आलेला प्रश्न तिथे प्रबंधाचा विषय झाला आणि प्रबंध लिहिणारा मुलगा कारखान्यात गेला.

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. तिचे पहिले दोन संचालक परदेशी होते. तिसरे व्यंकटरामन, म्हणजे माटुंग्याचेच. माणसं अशी इकडून तिकडे जाणं मला इमारतींपेक्षा, निधीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सरकारी कारखाना म्हणून तिच्या तोट्यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. पण मोठ्या टाकीत बुरशी वाढवून पेनिसिलिन काढणं म्हणजे काय, हे या देशातल्या मुलांनी पहिल्यांदा हाताने केलं ते तिथे. ती शिकलेली माणसं पुढे खाजगी कारखान्यांत गेली. ताळेबंदात हे कुठल्याही रकान्यात बसत नाही.

या साखळीचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अंजी रेड्डी. गुंटूर जिल्ह्यातला हळदीच्या शेतकऱ्याचा मुलगा मुंबईला यूडीसीटीत औषधनिर्माणाचं तंत्र शिकला, पुण्याला एनसीएलमध्ये १९६९ साली पीएच.डी. झाला, हैदराबादला आयडीपीएल या सरकारी औषध कारखान्यात नोकरीला लागला आणि १९८४ साली त्याने डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढली. विद्यापीठ, राष्ट्रीय प्रयोगशाळा, सरकारी कारखाना, स्वतःचा उद्योग: चार पायऱ्या. यातल्या पहिल्या तीन सरकारी पैशाच्या होत्या. ‘उद्योजकता जन्मजात असते’ असं म्हणणाऱ्यांनी या चार पायऱ्या एकदा चढून बघाव्यात.

आता कायद्याविषयी. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधं, अन्न आणि रसायनं यांत पदार्थाचं पेटंट काढून टाकलं आणि फक्त प्रक्रियेचं ठेवलं. औषधं आणि अन्न यांच्या बाबतीत तेही अर्ज केल्यापासून सात वर्षं किंवा पेटंट मिळाल्यापासून पाच वर्षं, यांत जे कमी असेल तेवढंच. कायदा १९७२ साली अंमलात आला. याचा अर्थ असा की तोच रेणू दुसऱ्या वाटेने करून दाखवा, मग तो तुमचा. औषधाचा प्रश्न एका फटक्यात रसायनाचा प्रश्न झाला, आणि रसायनाचे प्रश्न सोडवणारी मुलं माटुंग्यात जवळजवळ चाळीस वर्षं आणि पाषाणला वीसेक वर्षं तयार होत होती. कायदा आणि हात यांची गाठ पडली. या संग्रहातले दोन-तीन लेख भारतीय औषधउद्योगाचं सगळं श्रेय या कायद्याला देतात, ते मला मान्य नाही. ब्राझीलनेही औषधांवरची पेटंटं काढून टाकली होती, आपल्या आधीच. तिथे भारतासारखा औषधउद्योग उभा राहिला नाही. कायद्याने वाट मोकळी करून दिली, पण तिच्यावरून चालणारे पाय आधी तयार व्हावे लागतात, आणि त्याला एक पिढी जाते.

त्याच ब्राझीलकडे विमानांच्या बाबतीत बघा. साओ जोसे दोस कांपोस इथे १९५० साली विमानविद्येची शाळा निघाली, शेजारी हवाई दलाचं संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि त्यांतून १९६९ साली एम्ब्राएर ही कंपनी निघाली. तिच्या पहिल्या विमानाचं नाव बांदेरांते. ऐंशी विमानांची मागणी ब्राझीलच्याच हवाई दलाने नोंदवली. आज एम्ब्राएरची विमानं जगभर उडतात, आपल्याकडेही. इथेही शाळा, मधलं केंद्र आणि कारखाना एकाच गावात होते. आणि पहिलं गिऱ्हाईक घरचं होतं. नवीन वस्तूचं पहिलं गिऱ्हाईक मिळणं ही गरीब देशातली सर्वांत अवघड गोष्ट असते. आपल्या सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा, ज्याला सगळे ‘एल-वन’ म्हणतात, ती जिंकते. आणि त्याआधी अनेकदा काही वर्षांचा पुरवठ्याचा अनुभव मागितला जातो. ज्याने वस्तू पहिल्यांदाच बनवली त्याने तो अनुभव आणायचा कुठून? या एका अटीने किती चांगली कामं गोदामात सडली, त्याची मोजदाद कुणीतरी करावी.

गिऱ्हाईक आधी, किंमत आधी, मग वस्तू, हा उलटा क्रम किती दूर नेतो याचा एक दाखला आपल्या पुण्यातल्या हडपसरचा आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात दर काही वर्षांनी मेंदूज्वराची साथ यायची आणि हजारो मुलं जायची. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने लसीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं, आमच्या ऐपतीत बसायला हवी, डोस अर्ध्या डॉलरच्या आत. मोठ्या परदेशी कंपन्यांना एवढ्या किमतीत रस नव्हता. काम हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आलं. लसीचे रेणू जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दिली, कच्चा माल ॲमस्टरडॅमहून आला, आणि ती पद्धत मोठ्या प्रमाणावर बसवली पुण्यात. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं. पुढच्या दशकात तीस कोटींहून अधिक माणसांना ही लस मिळाली, आणि मेंदूज्वराच्या ज्या प्रकारामुळे त्या साथी यायच्या तो प्रकार तिथून जवळजवळ नाहीसा झाला. ज्याला गरज आहे त्याने किंमत ठरवली, ज्याच्याकडे विद्या होती त्याने ती दिली आणि ज्याला मोठं व्हेसल चालवता येतं त्याने माल काढला. या लेखसंग्रहात हे प्रकरण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत आधी वाचावं असं आहे.

सिप्ला या औषध कंपनीची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. एचआयव्हीवरच्या झिडोव्हुडिन या औषधाची प्रक्रिया त्यांना हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतून मिळाली. तिथले ए. व्ही. रामाराव हे पुण्यात व्यंकटरामन यांच्याच हाताखाली तयार झालेले. २००१ साली सिप्लाचे प्रमुख युसूफ हमीद यांनी तीन औषधांचं मिश्रण वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ केलं, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजारांच्या पुढे होता. वर्तमानपत्रांनी हमीदांचं धाडस लिहिलं आणि ते लिहिण्यासारखंच होतं. मला मात्र त्या बातमीत माटुंग्याच्या विभागापर्यंत मागे जाणारा एक धागा दिसतो.

हे सगळं सांगताना जुन्या काळाचं कौतुक करण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण त्या काळाची दुसरी बाजूही मी जगलो आहे. तेव्हाच्या आयात-निर्बंधांनी आम्हाला संधी दिली तशी सवलतही दिली. माल कसाही असला तरी खपायचा. आमच्याच एमआयडीसीत असे कारखाने होते की ज्यांनी वीस वर्षं एकच प्रक्रिया चालवली, यील्डमध्ये एका टक्क्याचीही भर घातली नाही आणि गाळ नदीत सोडला. १९९१ च्या उदारीकरणानंतर ते बंद पडले. दक्षिण कोरियानेही स्वतःच्या उद्योगांना संरक्षण दिलं, पण त्यांना माल बाहेर विकून दाखवायची अट घातली. १९६६ साली तिथे किस्ट ही संशोधन संस्था काढली, परदेशातले कोरियन शास्त्रज्ञ प्राध्यापकांपेक्षा जास्त पगार देऊन परत बोलावले आणि त्यांना उद्योगांची कंत्राटी संशोधनं करायला लावली. आपण संरक्षण दिलं. अट घालायचं विसरलो. हा विसर महाग पडला.

१९८९ साली रघुनाथ माशेलकर एनसीएलचे संचालक झाले. गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात वाढलेले, तेही यूडीसीटीचेच. बाहेरचं तंत्र आणून इथे बसवण्यापेक्षा इथलं ज्ञान बाहेर विकावं, असा आग्रह त्यांनी धरला. जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी पाषाणच्या प्रयोगशाळेकडून पॉलिमरचं संशोधन विकत घेऊ लागली. २००७ साली त्याच आवारात व्हेंचर सेंटर सुरू झालं. तिथे तरुणांना बाकं आणि उपकरणं भाड्याने मिळतात. ज्याच्याकडे कल्पना आहे पण लाखो रुपयांचं यंत्र घ्यायची ऐपत नाही, त्याला तासाच्या हिशेबाने ते वापरता येतं. मी तिथे गेलो आहे. एक मुलगी बायोरिअ‍ॅक्टरची नळी बदलत होती, आणि बदलताना बोट लावून जोड घट्ट आहे का ते बघत होती. मला धाटावचा पाइप आठवला.

इतकं असूनही गाडी का अडते, याचा एक अनुभव सांगतो. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत एका सरकारी संस्थेबरोबर आम्हाला संयुक्त संशोधन करायचं होतं. शास्त्रज्ञ तयार, आम्ही तयार, पैसे आमचे. करारावर सही व्हायला चौदा महिने लागले. फाइल कायदा विभागातून वित्त विभागात, तिथून पुन्हा कायदा विभागात. मधल्या काळात चिनी माल निम्म्या दराने बाजारात आला आणि विषयच संपला. त्या शास्त्रज्ञाचा काडीचाही दोष नव्हता. त्याला बढती मिळणार होती ती छापलेल्या निबंधांवर. आमच्या कारखान्यात घालवलेले सहा महिने त्याच्या अर्जात कुठे लिहायचे, हेच ठरलेलं नव्हतं. आणि प्रयोग फसला असता तर ऑडिटवाले विचारणार होते, पैसे वाया का गेले? संशोधनात पैसे वाया जातातच. आमच्या तीन बॅच वाया गेल्या नसत्या तर रात्रपाळीची गोष्ट कळलीच नसती.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. भारताचा संशोधन आणि विकासावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाऊण टक्क्याच्याही आत, ०.६४ टक्क्याच्या आसपास आहे. कोरियाचा चार टक्क्यांच्या वर. आपल्याकडे त्यातला निम्म्याहून जास्त सरकारचा. उद्योगांनी हात आखडलेला. हा आकडा वाढायलाच हवा. पण मला भीती वाटते ती अशी की वाढलेला पैसा पुन्हा दोन टोकांनाच जाईल: एकीकडे नवी इमारत, दुसरीकडे स्पर्धेचं बक्षीस. पायलट प्लांटला, तो चालवणाऱ्या फिटरला आणि वेल्डरला, सहा महिने कारखान्यात बसायला पाठवलेल्या व्याख्यात्याच्या बदली माणसाला, हे पैसे पोचणार का? प्रत्येक विद्यापीठात इन्क्युबेशन सेंटरची पाटी लागते आहे. ज्या गावात पाटी लागली तिथला जवळचा कारखाना किती किलोमीटरवर आहे आणि गेल्या वर्षात त्या विद्यापीठातले किती जण तिथे गेले, एवढे दोन प्रश्न मी प्रत्येक कुलगुरूंना विचारीन.

या संग्रहाचे लेखक निरनिराळ्या देशांतले आणि निरनिराळ्या मतांचे आहेत. पेटंटांविषयी ते एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण संपादकांनी तसंच राहू दिलं हे चांगलं केलं. काही लेख आकड्यांनी जड आहेत. तिथे वाचकाने थांबून वाचावं. त्या आकड्यांमागे माणसं आहेत. बांगलादेशात मीठ-गुळाच्या पाण्याने अतिसाराची मुलं वाचवण्याच्या प्रयोगावरचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. ढाक्याच्या रुग्णालयात सिद्ध झालेली गोष्ट ब्रॅक संस्थेच्या बायका घरोघर जाऊन आयांना शिकवत होत्या, आणि आयांनी मिठाची चिमूट नीट घेतली की नाही हे पुन्हा जाऊन तपासलं जात होतं. तिथेही प्रोसेस बसवणाऱ्या होत्या त्या याच बायका.

हे पुस्तक प्राध्यापक वाचतील, उद्योजक वाचतील, अशी आशा आहे. माझी विनंती मात्र केमिकल, मेकॅनिकल, बायोटेकच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना आहे. पुस्तक वाचून झालं की आपल्या सरांना घेऊन जवळच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात जा. ऑफिसात बसू नका. प्लांटवर जा, आणि सगळ्यांत जुन्या ऑपरेटरला विचारा, ‘काका, तुम्हाला काय वाटतं?’ तो जे सांगेल ते लिहून आणा.